दहा दिवसांचा समुद्र

'आगबोट' हा शब्द आता मागे पडत चालला आहे. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी तो सहज असे, आणि पावसाळा सरला की कोकणातली माणसे आगबोट केव्हा सुरू होते याकडे डोळे लावून बसत. पोटात आग घेऊन पाण्यावर चालणारी बोट! ज्या कुणी अनामिकाने हा शब्द घडविला त्याने बघितले ते नेमके टिपले, यात शंका नाही. आज या पानांवर मी ज्या आगबोटींची हकीकत सांगणार आहे त्या मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या नव्हेत. लिव्हरपूल, ग्लासगो, हँबुर्ग, ब्रेमेन अशा बंदरांतून निघून त्या अटलांटिक महासागर ओलांडीत आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर युरोपातले दारिद्र्य खेपेमागून खेप उतरवीत. त्या माणसांची भाषा निराळी, धर्म निराळा, अन्न निराळे. पण घर सोडताना मागे वळून बघण्याची रीत साऱ्या जगात एकच असावी.

वाफेचे यंत्र आले आणि माणसे देशांतराला निघाली, असे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. मी स्वतः मास्तर असल्यामुळे या एका ओळीचे पाप थोडेफार माझ्याही माथी आहे. प्रत्यक्षात वाफ आल्यावर पंचवीस वर्षे गरीब माणूस शिडाच्याच जहाजाने जात राहिला. १८३८ च्या एप्रिल महिन्यात 'सिरियस' आणि 'ग्रेट वेस्टर्न' या दोन आगबोटी पाठोपाठ न्यूयॉर्क बंदरात शिरल्या. 'ग्रेट वेस्टर्न'ला अवघे पंधरा दिवस लागले होते. गावभर जल्लोष झाला. परंतु त्या बोटींतून उतरले कोण? ज्यांच्या खिशात पैसा होता ते. बोटीच्या दोन्ही अंगांना चाके, पोटात अवाढव्य यंत्र, आणि उरलेल्या जागेत कोळशाचे डोंगर. त्यात गरिबाला पाय टेकायला जागा मिळणार कुठून?

गरिबाचा प्रवास शिडाखाली होई आणि तो पाच-सहा आठवड्यांचा असे. वारा रुसला तर दोन-तीन महिन्यांचाही. कॅनडातून इंग्लंडला इमारती लाकूड घेऊन येणारी कितीतरी जहाजे होती. परतीच्या वाटेवर जहाज रिकामे हाकण्यापेक्षा माणसे भरलेली बरी, हा व्यापाऱ्याचा हिशेब. लाकूड उतरले की त्याच पोकळीत फळ्या ठोकून माचे बांधायचे आणि त्यांवर माणसे निजवायची. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, लागोपाठची पिके हातची गेली आणि दुष्काळाने देश उजाड झाला. त्यानंतर अशा जहाजांतून जी माणसे निघाली त्यांच्या अंगात समुद्र सोसण्याचेही त्राण नव्हते. १८४७ च्या एका मोसमात कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस-ईल नावाच्या चिमुकल्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरावी लागली. बहुतेकांना 'टायफस'चा ताप झाला होता. त्या जहाजांना लोकांनी 'शवपेटी-जहाजे' असे नाव दिले, आणि ते नाव इतिहासाने कायम ठेवले.

गरिबासाठी आगबोटीचे दार उघडले ते १८५० साली. लिव्हरपूलच्या विल्यम इनमन या व्यापाऱ्याने 'सिटी ऑफ ग्लासगो' नावाची बोट घेतली. लोखंडी सांगाडा, आणि बाजूच्या चाकांऐवजी मागे मळसूत्री पंखा. यामुळे पोटात जागा झाली, आणि त्या जागेत माणसे बसवून फायदा होतो हे इनमनने सिद्ध केले. चार वर्षे बरी गेली. १८५४ च्या मार्चमध्ये हीच बोट सुमारे ४८० माणसे घेऊन लिव्हरपूलहून निघाली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही.  एखाद्याने तिथेच हात टेकले असते. इनमनने धंदा चालू ठेवला आणि पुढे त्याचे पाहून इतरांनीही तेच केले. आकडे बोलके आहेत. १८५६ साली न्यूयॉर्कला उतरणाऱ्या देशांतरितांपैकी शेकडा ९५ हून अधिक लोक शिडाच्या जहाजांतून आले. १८७३ साली शेकडा ९५ हून अधिक आगबोटीतून. सतरा वर्षांत अटलांटिकवरचे शीड गरिबापुरते मिटले. सहा आठवड्यांचा समुद्र दहा-बारा दिवसांचा झाला.

दहा दिवस! पण ते काढायचे कुठे? बोटीवर गरिबांच्या जागेला 'स्टीअरेज' म्हणत. पूर्वी सुकाणूची साखळदंडे जिथून जात त्या भागाजवळ ही जागा असे, म्हणून हे नाव. डेकच्या खाली, पाण्याच्या रेषेच्या आसपास, एकावर एक असे लाकडी वा लोखंडी माचे. एका माणसाला सहा फूट लांबी आणि दीड-दोन फूट रुंदी. एकटे पुरुष पुढच्या भागात, कुटुंबे मध्ये, एकट्या बायका मागे, अशी वाटणी बहुधा असे. पेंढ्याची गादी आणि पत्र्याची ताटली, पेला, चमचा हे सामान प्रवाशाने आपले आपण आणायचे. बंदरावरच्या गल्ल्यांत या सामानाची दुकाने मांडलेली असत. अमेरिकेचा किनारा दिसू लागला की ती पेंढ्याची गादी समुद्रात भिरकावून द्यायची. त्या तरंगत्या गाद्यांकडे बघणाऱ्या एखाद्या म्हातारीला, इतके दिवस अंगाखाली घेतलेली वस्तू टाकवली नसेल असे मला उगाचच वाटते.

शिडाच्या जहाजावर ज्याने त्याने आपले शिजवून घ्यावे लागे, आणि चुलीपाशी रोज मारामारी होई. आगबोटीवर कंपनी शिजवून देऊ लागली, ही मोठीच सुधारणा. मात्र ते अन्न कसे असे याचा साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७९ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोहून 'डेव्होनिया' बोटीने न्यूयॉर्कला गेला. कॅलिफोर्नियात त्याचे मन गुंतले होते, घरच्यांना ते पसंत नव्हते, खिसा हलका होता. स्टीअरेजचे तिकीट सहा गिनींचे. त्याने दोन गिनी अधिक मोजून दुसऱ्या वर्गाची खोली घेतली. कारण काय, तर लिहायला टेबल हवे होते! पण ही दुसऱ्या वर्गाची खोली म्हणजे स्टीअरेजच्या मधोमध फळ्यांचा आडोसा करून काढलेले एक बेट होते. पलीकडे ओकणाऱ्यांचे कण्हणे, पोरांची रडारड, ताटल्यांचा खणखणाट हे सारे त्याला ऐकू येई. चहा आणि कॉफी या दोहोंत फरक ओळखणे किती कठीण होते यावर त्याने मनमुराद थट्टा केली आहे. मात्र थट्टेखाली एक गंभीर गोष्ट त्याच्या ध्यानात आली. देशांतर करणारे म्हणजे तरणेबांड, साहसी, जग जिंकायला निघालेले वीर, अशी त्याची कल्पना होती. बोटीत भेटली ती बहुतेक पडेल चेहऱ्याची, मंदीत काम गेलेली, कुणी दारूने बुडालेली, कुणी बेताच्या आशेवर निघालेली अशी माणसे. या प्रवासावर त्याने 'द अमॅच्युअर एमिग्रंट' हे पुस्तक लिहिले. ते वडिलांना रुचले नाही, मित्रांनाही आवडले नाही; छापायला घेतलेले पुस्तक मागे घ्यावे लागले आणि ते बाहेर आले ते लेखक वारल्यावर, १८९५ साली. चांगल्या घरच्या मुलाने गरिबांच्या दुर्गंधीचे वर्णन करू नये, ही समजूत काही एकट्या स्कॉटलंडची नव्हे.

समुद्राचे भय मात्र आगबोटीनेही पुरते गेले नव्हते. १ एप्रिल १८७३ च्या पहाटे 'अटलांटिक' नावाची बोट कॅनडात हॅलिफॅक्सजवळ खडकावर आदळली. साडेनऊशेच्या आसपास माणसे होती, त्यांतली पाचशेहून अधिक गेली. बोटीवरच्या बायकांपैकी एकही वाचली नाही, आणि मुलांमध्ये फक्त एक मुलगा वाचला. किनारा हाकेच्या अंतरावर होता. दोरीला धरून पुरुष खडकावर गेले. कडेवर मूल घेऊन दोरी कशी धरणार? या बातमीने काही दिवस लोक हळहळले, आणि पुढच्या आठवड्यातल्या बोटी नेहमीसारख्या भरून निघाल्या.

इतकी माणसे का निघत होती, याचे एक उत्तर आगबोटीच्याच पोटात दडलेले आहे. अमेरिकेच्या मध्यभागी रेल्वे पोहोचली, अफाट माळराने नांगराखाली आली आणि तिथला गहू रेल्वेने बंदरावर व आगबोटीने युरोपात इतका स्वस्त येऊन पडू लागला की जर्मनीतल्या, स्वीडनमधल्या, इटलीतल्या लहान शेतकऱ्याला आपला दाणा विकणे परवडेना. त्याचे शेत गेले. मग तोच शेतकरी त्याच आगबोटीच्या परतीच्या खेपेत बसून गव्हाच्या मुलुखाकडे निघाला. जाताना धान्य, येताना माणसे; व्यापाऱ्याचे जहाज दोन्ही वेळा भरलेले. या चक्रात कुणी कुणावर उघड जुलूम केला असे बोट दाखवून म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याचा उलगडा त्या शेतकऱ्याला शेवटपर्यंत झाला नसावा. पूर्वेकडच्या ज्यूंची गोष्ट निराळी होती. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर दंगलखोरांचे हल्ले सुरू झाले. ती माणसे भाव पडला म्हणून निघालेली नव्हती. ती जीव घेऊन निघाली होती. १८८२ या एका वर्षात अमेरिकेत ७ लाख ८८ हजारांहून अधिक परदेशी माणसे उतरली.

आणि पत्र! कंपन्यांचे दलाल गावोगाव रंगीत चित्रे चिकटवीत हिंडत हे खरे. पण दलालापेक्षा मोठा दलाल म्हणजे अमेरिकेहून आलेले पत्र. ते गावातल्या लिहिता-वाचता येणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतले जाई. रोज मांस खातो, कुणापुढे टोपी काढावी लागत नाही, असे त्यात लिहिलेले असे. जे सोसले ते बहुधा लिहिलेले नसे. पुष्कळदा पत्राच्या घडीत बोटीचे आगाऊ भरलेले तिकीट असे. थोरल्याने धाकट्याला काढायचे, त्याने बहिणीला, बहिणीने आईबापांना. मुंबईच्या गिरणीतून गावी येणारी मनिऑर्डर ज्यांच्या घराने पाहिली आहे, त्यांना या साखळीचे वेगळे विवरण करून सांगायला नको.

आता न्यूयॉर्कचा धक्का. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला एक गोल दगडी किल्ला आहे. १८११ च्या सुमारास तो शत्रूच्या आरमाराला अडवण्यासाठी बांधून पुरा झाला. शत्रू काही आला नाही. मग त्याची करमणुकीची बाग झाली, वर छप्पर पडले, आणि १८५० साली जेनी लिंड या स्वीडिश गायिकेचे अमेरिकेतले पहिले गाणे तिथेच झाले. या 'कॅसल गार्डन'मध्ये १८५५ च्या ऑगस्टपासून न्यूयॉर्क राज्याने देशांतरितांना उतरवून घेण्याचे ठाणे उघडले. याला कारण होते. त्याआधी बोट धक्क्याला लागली रे लागली की दलालांची टोळी तिच्यावर तुटून पडे. आयरिश प्रवाशाला आयरिश बोलणारा, जर्मनाला जर्मन बोलणारा. आपल्या भाषेचा शब्द कानी पडला की थकलेला माणूस विरघळतो. दलाल त्याची पेटी उचली, एखाद्या बोर्डिंगात नेऊन टाकी. चार दिवसांनी भलतेच बिल पुढे येई आणि पैसे नाहीत म्हणून पेटी जप्त होई. रेल्वेची खोटी तिकिटे विकली जात. लुबाडणारा आपल्याच देशचा असे, ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते.

कॅसल गार्डनच्या भिंतींनी या टोळ्यांना बाहेर ठेवले. आत नाव, गाव, जायचे ठिकाण यांची नोंद होई. पेट्यांना पितळी बिल्ले लागत. खऱ्या भावाने नाणी बदलून मिळत आणि खऱ्या दराने रेल्वेचे तिकीट. हातपाय धुवायला पाणी होते, पाव आणि दूध विकत मिळे, लिहिता न येणाऱ्यांची पत्रे लिहून देणारे कारकून होते, काम शोधून देणारी कचेरी होती. निजायला खाटा मात्र नव्हत्या. बाकावर किंवा जमिनीवर रात्र काढायची. नातलग घ्यायला आला असेल तर त्या प्रचंड गोल दालनात मोठ्याने नाव पुकारले जाई. शेकडो भाषांच्या त्या कोलाहलात आपले वेडेवाकडे उच्चारलेले नाव कान देऊन ऐकत बसलेली माणसे डोळ्यांपुढे आणा! पूर्व युरोपातले ज्यू या जागेला 'केसलगार्टन' म्हणत, आणि पुढे त्यांच्या यिडिश भाषेत कुठल्याही गोंधळगडबडीला 'केसलगार्टन' हाच शब्द पडला. १८९० च्या एप्रिलमध्ये हे ठाणे बंद झाले तोवर त्यातून ऐंशी लाखांहून अधिक माणसे आत गेली होती.

याच काळात याच बंदरात एक मराठी मुलगी उतरली, तिची आठवण इथे होणारच. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. त्या देशांतराला आल्या नव्हत्या, वैद्यक शिकून परत यायला आल्या होत्या, आणि त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. दहा दिवसांच्या समुद्राची ती तक्रार करणारे पाहून जवळजवळ दोन महिन्यांचा समुद्र काढलेल्या आनंदीबाईंना काय वाटले असते कोण जाणे. १८८६ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मात्र कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. परत येण्यासाठी गेलेल्या मुलीची खूण तिकडेच राहिली.

कॅसल गार्डनच्या भिंती फक्त दारापर्यंत सांभाळीत. दाराबाहेर काय होई, यासाठी जेकब रीस या डॅनिश सुताराची गोष्ट ऐका. हा १८७० साली एकवीस वर्षांचा असताना 'आयोवा' बोटीने आला. गावातल्या एलिझाबेथ नावाच्या मुलीने त्याला नकार दिला होता. ते दुःख आणि चाळीस डॉलर एवढीच शिदोरी. उतरताच त्याने त्यांतले निम्मे पैसे एका पिस्तुलावर घातले! अमेरिकेत रानटी लोक आणि रानटी जनावरे असतात, असे त्याने गोष्टींच्या पुस्तकांत वाचले होते. ब्रॉडवेवर पिस्तूल कमरेला लावून हिंडणाऱ्या त्या पोराला एका शिपायाने, ते घरी ठेवून ये बाबा, असे समजावले. पुढे काम मिळेना, पैसे संपले, आणि रस्त्यावर झोपण्याची पाळी आली. त्या काळी बेघरांना पोलीस चौकीच्या तळघरात रात्र काढू देत. एका पावसाळी रात्री रीस तिथे गेला. त्याच्या मागे एक भटके कुत्रे लागले होते; त्याला आत घेतले नाही, ते दारात बसून राहिले. रात्री झोपेत कुणीतरी रीसच्या गळ्यातले सोन्याचे लॉकेट चोरले. त्याने तक्रार केली, तर तुझ्यासारख्या भिकाऱ्याकडे सोने आले कुठून, असे म्हणून त्याला बाहेर काढण्यात आले. मालकाला ढकलताना पाहून ते कुत्रे शिपायाच्या अंगावर गेले. शिपायाने त्याचे पाय धरून पायरीवर आपटले आणि त्याचा मेंदू बाहेर आला.

रीस ही रात्र विसरला नाही. तो पुढे पोलीस-वार्ताहर झाला, गरीब वस्त्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत दारूच्या उजेडाने (पिण्याची नव्हे, उडवण्याची!) छायाचित्रे काढू लागला, आणि १८९० साली त्याचे 'हाऊ द अदर हाफ लिव्हज' हे पुस्तक आले. ते वाचून थिओडोर रूझवेल्ट त्याचा मित्र झाला. रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याचा प्रमुख असताना रीसने त्याला त्याच चौकीत नेले आणि ती कहाणी सांगितली. १८९६ साली पोलीस चौक्यांतली ती तळघरे बंद झाली. एलिझाबेथचे काय झाले, हे विचारणाऱ्या वाचकांसाठी सांगतो: १८७६ साली तिचे आणि रीसचे लग्न झाले.

दरम्यान दाराची रचनाच बदलत होती. १८८२ च्या कायद्याने प्रत्येक आगंतुकावर पन्नास सेंटांचा कर बसला आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचे पोट भरू न शकणारे यांना मज्जाव झाला. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झाले. १८९१ च्या कायद्याने सारा कारभार राज्याकडून मध्यवर्ती सरकारकडे गेला, आणि ज्याला परत पाठवायचे त्याला परत नेण्याचा खर्च आगबोट कंपनीवर पडला. हे कलम लहान वाटते, पण त्याने मोठा फरक पडला. फुकट परत आणण्यापेक्षा तिकीट देण्याआधीच पारखून घ्यावे, असे कंपन्यांना वाटू लागले, आणि अमेरिकेचा उंबरठा युरोपातल्या बंदरांपर्यंत येऊन पोहोचला. शिडाच्या दिवसांत माणूस समुद्राला भीत असे. एकदा जमीन लागली की तो सुटला. आता समुद्र दहा दिवसांचा झाला आणि भीती जमिनीवर आली. डोळे लाल दिसतात का, पाय लंगडतो का, थांबल्यावर धाप लागते का? घरातल्या चौघांना आत घेऊन पाचव्याला परत धाडले तर? परत जाणाऱ्यांचे प्रमाण पुढेही शेकडा दोनच्या आसपासच राहिले. पण शेकडा दोन हा आकडा हिशेबाच्या वहीत लहान. रांगेत उभ्या असलेल्या आईला तो लहान वाटत नसणार.

शिवाय ही रांग सर्वांसाठी नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची जुजबी तपासणी बोटीवरच होई आणि ते थेट धक्क्यावर उतरत. स्टीअरेजच्या माणसांना पडावात घालून तपासणीच्या ठाण्यावर नेत. रोगजंतूंना तिकिटाचा वर्ग वाचता येत नाही, हे १८९२ साली ध्यानात आले. त्या वर्षी हँबुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांवर माणसे मेली. ऑगस्टअखेर 'मोराव्हिया' बोट न्यूयॉर्कला आली तेव्हा वाटेत तिच्यावरची बावीस माणसे दगावली होती. बोटी वीस वीस दिवस अडवून ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि पहिल्या वर्गाच्या काही मंडळींना फायर आयलंडवरच्या एका हॉटेलात ठेवायचे ठरले, तर तिथल्या रहिवाशांनी जमाव करून त्यांना उतरू देण्यास विरोध केला. रेशमी झग्यांतल्या बायकांनी बोटीत अडकून पडणे म्हणजे काय, याचा त्या दिवशी थोडासा अनुभव घेतला.

नवे ठाणे एलिस बेटावर बांधले गेले. १ जानेवारी १८९२ रोजी त्याचे दार उघडले. आदल्या संध्याकाळी 'नेव्हाडा' बोट आयर्लंडच्या क्वीन्सटाउनहून बारा दिवसांचा प्रवास करून आली होती. स्टीअरेजमध्ये १४८ माणसे. त्यांतून पहिली पुढे आली अ‍ॅनी मूर, कॉर्क परगण्यातली आयरिश मुलगी, बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. आईबाप आधीच न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. अधिकाऱ्याने तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी लिहिले की त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता. वास्तविक ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवसही नव्हता. पण गोष्टीला शोभा येते ना!

१५ जून १८९७ च्या रात्री एलिस बेटावरची ती लाकडी इमारत जळाली. माणूस एकही गेला नाही, पण १८५५ पासूनची कॅसल गार्डनची दप्तरे राख झाली. सुदैवाने जकात खात्याकडे बोटींच्या कप्तानांनी दिलेल्या प्रवाशांच्या याद्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या; १८१९ च्या कायद्याने त्या देणे भागच होते. आज आपण त्या लोकांची नावे सांगू शकतो ती या याद्यांमुळे. एलिस बेटावरच्या कारकुनांनी परदेशी नावे ऐकून मोडतोड केली, असा एक लाडका समज अमेरिकेत आहे. तो खरा नाही. यादी बोट सुटतानाच तयार होत असे, आणि बेटावरचा कारकून तीच पुढे ठेवून माणूस पडताळून पाही. नावे बदलली ती बहुतेकांनी स्वतःच, पुढे काम मिळावे, शेजाऱ्यांना उच्चार जमावा म्हणून.

नावाची मोडतोड झाली नाही, पण अ‍ॅनी मूर मात्र हरवली. कित्येक वर्षे असे मानले जाई की ती पुढे पश्चिमेला टेक्सासात गेली, तिथे लग्न झाले आणि १९२३ साली ट्रॅमच्या धडकेने मेली. टेक्सासातल्या त्या अ‍ॅनी मूरच्या वंशजांना समारंभांना बोलावले जाई. अमेरिकेत पश्चिमेकडे जाऊन भाग्य काढणे ही त्यांच्या राष्ट्राची आवडती कथा. पहिली मुलगी त्याच कथेत चपखल बसली. २००६ साली वंशावळींचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी कागद तपासले आणि दाखवून दिले की टेक्सासातली अ‍ॅनी मुळात अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मली होती. मग खरी कुठे गेली? ती कुठेच गेली नव्हती. बोटीतून उतरली त्या धक्क्यापासून चालत जाता येईल अशा, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतच तिचा सारा जन्म गेला. एका जर्मन बेकरीवाल्याच्या मुलाशी तिचे लग्न झाले. दहा-अकरा बाळंतपणे झाली. त्यांतली निम्म्याच्या आसपास मुले मोठी होण्याआधीच गेली. १९२४ साली, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ती वारली. युरोपातून येणाऱ्यांची संख्या देशवार बांधून टाकणारा कायदा अमेरिकेने केला तेही हेच वर्ष.

क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरले होते. एलिस बेटावर तिचा पुतळा होता, क्वीन्सटाउनला, म्हणजे आताच्या कोव्हला, भावांसह दुसरा पुतळा होता. थडग्यावर मात्र नावाची पाटीसुद्धा नव्हती. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे आयरिश चुनखडीच्या दगडाचा क्रूस उभारण्यात आला. त्या दिवशी जमलेल्यांत तिचे वंशज होते. त्यांच्या आडनावांत आयरिश होती, जर्मन होती, इटालियन होती, ज्यू होती, आणि एकमेकांना पूर्वी कधी न भेटलेली ती माणसे दगडावर कोरलेले नाव वाचीत उभी होती.